रस्त्याच्या खालची बाजू

अंगणात धुतलेला ट्रॅक्टर. सहा कप, एकाच नक्षीचे, दोन घरांतून जमवलेले. शेवगावच्या बाजारातली सफरचंदं, घरच्यांनी हात न लावायची. एरवी भिंतीला टेकलेला ऊसतोडीचा कोयता, आज आत, गोधड्यांखाली. एक कोरा सदरा. सदऱ्यात अमृत, वय बत्तीस.

बाजेवर मुलीचा बाप बन्सी आणि त्याचा मेहुणा. घर बघायला आलेले.

"ट्रॅक्टर तुमचाच का?" बन्सीनं विचारलं.

"मंग," अमृतचा बाप सूर्यभान लिंबाच्या झाडाकडं बघत म्हणाला.

ट्रॅक्टर रस्त्यापलीकडच्या आप्पासाहेबांचा होता. संध्याकाळी परत द्यायचा होता. लग्नाचं पोरगं असलेल्या घरी पाहुणे आले की तो त्या अंगणात जायचा. मुली मिळत नव्हत्या, त्यामुळे बराच हिंडायचा.

तेवढ्यात धनश्री आली. हातात टॅब.

नगरच्या एका संस्थेनं गावात प्रयोग मांडला होता; धनश्री त्या संस्थेची. रस्त्याच्या वरच्या आळीत माणशी दर महिन्याला सारखे पैसे. श्रीमंत असो, गरीब असो, काही विचारायचं नाही. खालच्या आळीत मात्र विचारून. घराचं उत्पन्न ठरलेल्या रेषेच्या खाली असेल, तर जेवढं कमी पडतं त्यातला अर्धा वाटा संस्था घालणार. रेषेच्या वर असेल तर काही नाही. कोणती रीत बरी, ते संस्थेला बघायचं होतं. कोणत्या आळीला कोणती, ते चिठ्ठी टाकून ठरलं. सूर्यभानचं घर खालच्या आळीत. कर्त्या माणसानं उत्पन्न दोन बाहेरच्यांसमोर तोंडानं सांगायचं, एवढीच अट.

"पाहुणे आहेतच, साक्षीला चालतील," धनश्री म्हणाली. "काका, आज शेवटचा दिवस आहे."

"चहा घ्या आधी, ताई," अमृतची आई छबूबाई आतून म्हणाली. "उत्पन्न कुठं पळून चाललंय."

"वर्षाचं किती धरू?"

दीड एकर बाजरी. सहा महिने ऊसतोड, नवरा-बायको-पोरगा तिघं. हे एक उत्तर. दुसरं अंगणात उभं होतं, धुतलेलं.

सूर्यभाननं पोराकडं पाहिलं.

"आमाला तुमचं पैसं नको, ताई. बागायत हाय, ट्रॅक्टर हाय. लिवा, रेषेच्या लई वर."

धनश्रीनं तसं टाकलं. अमृतनं श्वास सोडला. छबूबाईनं चहात साखर जरा जास्तच घातली.

बन्सीनं कप खाली ठेवला.

"म्हंजे तुमाला ते मिळनार न्हाई?"

"गरज काय, पाव्हणं?"

"आमी त्याच्यासाठीच आल्तो." बन्सी मेहुण्याकडं वळला, मग परत सूर्यभानकडं. "शेतीचं काय, पावसावर. ट्रॅक्टर कुनाचाबी आनून लावता येतो. म्हटलं, ह्या गावात म्हैन्याच्या म्हैन्याला खात्यात पडतं, नोकरीवानी. नोकरीवाला जावई आमाला कुठला घावतोय."

सूर्यभान उठला.

"ताई, खोडा ते. ट्रॅक्टर आप्पासाहेबांचा हाय. आमी कोयत्यावर जातो. थांबा, दावतो."

आणि तो आत गेला. गोधड्या पडल्याचा आवाज झाला. कोयता बाहेर आला, पाहुण्यांसमोर, सफरचंदांच्या शेजारी.

"बदलते, काका," धनश्री म्हणाली.

बन्सीनं कोयता उचलून पाहिला. धार चांगली होती.

"खरं बोलला, बरं केलं. पन ताई, उद्या ह्यांच्या पोरानं चार पैसं जास्त कमावलं तर?"

"तर त्या मानानं आमचे कमी होतील. पण एकूण हातात जास्तच येतं."

"आन वरच्या आळीत?"

"तिथं कितीही कमावलं तरी आमचे तेवढेच राहतात."

"बघा म्हंजे." बन्सीनं कोयता खाली ठेवला. "हितं जावई जरा वर आला की तुमी हात आखडनार. तिकडं जावई लोळला काय, पळाला काय, म्हैना ठरलेला." अंगणातल्या सगळ्यांना मिळून त्यानं विचारलं, "वरच्या आळीत कुनाचं पोरगं हाय का लग्नाचं?"

सूर्यभाननं कोयता उचलून परत भिंतीला टेकवला.

"आप्पासाहेबांचं हाय," अमृत म्हणाला. "ट्रॅक्टर द्यायला तिकडंच चाललोय. बसा."

बन्सी एका मडगार्डवर बसला, मेहुणा दुसऱ्या. अमृतनं कोऱ्या सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि ट्रॅक्टर रस्त्याच्या वर चढवला.

दोन्ही आळ्यांना पैसे दोनच वर्षं मिळणार होते; पहिल्या सभेत हे सांगितलं तेव्हा लाईट गेलेली होती आणि माईक बंद होता.