उतरायचं कुठं

दर्शनाने मोबाईल आडवा धरला आणि तोच फोटो पुन्हा मोठा करून पाहिला. अंदमानचं हॅवलॉक बेट. नारळाच्या झाडांखाली सुटी सुटी उभी असलेली लाकडी घरं, पायऱ्या उतरलं की वाळू. समुद्र सगळ्याच हॉटेलांपुढे सारखाच निळा होता, त्यामुळे तिचं समुद्राकडे लक्षच नव्हतं. ती दार पाहत होती. आतून कडी आहे की नाही, ते काही फोटोत दिसत नव्हतं.

"हे बघ, हे स्वस्त पडंल," प्रणित तिच्या कानाशी म्हणाला. "बाजारातच हाय."

"त्याच्या भिंती प्लायवूडच्या दिसतात."

"मग?"

"मग काय? शेजारच्याचं घोरणं ऐकायला विमानानं कशाला जायचं?"

प्रणितला हसू आलं, पण त्याने ते गिळलं, कारण ओटीवर त्याचे आईबाप, धाऊ आणि हौसा, समोरच बसले होते. सापगावातल्या या घरात झोपायची खोली एकच. लग्नाला तीन वर्षं झालेलं हे जोडपं कपाटाच्या अलीकडे झोपायचं आणि धाऊ-हौसा कपाटाच्या पलीकडे. रात्री नुसती बांगडी वाजली तरी पलीकडून धाऊ खोकायचा. मुद्दाम खोकत नसेल बिचारा, पण खोकला तो खोकला. विमानाची तिकिटं निघाली त्या दिवसापासून दर्शनाला एकच गोष्ट हवी होती: चार रात्री, चार भिंती आणि आत फक्त ती दोघं. पण हे सासऱ्यांना कोणत्या तोंडाने सांगणार?

धाऊने तंबाखू मळता मळता विचारलं, "हाटेलं कसली बघता रे? शेखर हाय ना तिकडं."

शेखर म्हणजे हौसाच्या थोरल्या बहिणीचा मुलगा. पोर्ट ब्लेअरला सरकारी नोकरीत होता.

"बाबा, शेखरदादा पोर्ट ब्लेअरला. आमी जाणार हॅवलॉकला," प्रणित म्हणाला. "तिथनं पुढं बोटीनं जायाचं."

"मग जा बोटीनं. सकाळी जायाचं, समुद्र बघायचा, सांजच्याला घरी. पाव्हण्याचं दार सोडून हाटेलात उतरलात, तर हिनं बहिणीला तोंड कसं दाखवायचं?"

यात धाऊचं काही चुकत नव्हतं. इकडचा माणूस मुरबाडजवळच्या म्हसा गावी जत्रेला गेला तरी पाव्हण्याकडे उतरतो आणि कल्याणला दवाखान्यात गेला तरी पाव्हण्याकडेच. नात्यातलं घर असताना पैसे मोजून दुसरीकडे झोपणं म्हणजे त्या घराचा अपमान.

दर्शनाने सासूकडे पाहिलं. हौसा बिरड्यासाठी भिजवलेले वाल सोलत होती. मान वर न करता ती म्हणाली, "हाटेलात भात तरी बरा भेटंल का?"

दर्शनाने तिचीही आशा सोडली.

तोवर धाऊने शेखरला फोन लावलाही होता, तोही स्पीकरवर, कारण कानाला लावून बोललेलं पलीकडे पोचतं यावर त्याचा विश्वास नव्हता.

"हाटेल कशाला काका? घर हाय ना," शेखरचा आवाज ओटीभर झाला. "क्वार्टर लहान हाय, पण जमवू. प्रणित माझ्याबरोबर हॉलात झोपंल. दर्शना आत, पोरींच्यासंग. पोरी तिला सोडणारच नायत. रातभर गप्पा मारतील. आन् येताना सुकट घेऊन यायला सांगा. इकडं मासे ढीगभर, पण आपल्यासारखी सुकट नाय."

दर्शनाने मोबाईल पालथा ठेवला. तिला रडू येत होतं, आणि कुणी विचारलं असतं तर कारण सांगण्यासारखं नव्हतं. प्रणित पायाच्या अंगठ्याने फरशी घासत बसला. एवढ्या मायेने बोलावणाऱ्या माणसाला नाही म्हणणं त्याला जन्मात जमलं नसतं.

"कंच्या तारखेला पोचता ते सांग रे त्याला," धाऊ म्हणाला.

"द्या तो इकडं," हौसाने ओल्या हातानेच फोन घेतला. "शेखर, मावशी बोलते. पोरांना तुझ्याकडं उतरता नाय येणार रे."

"का गो मावशी? माझं काय चुकलं?"

"तुझं काय नाय चुकलं. माझा नवस हाय. म्हशाच्या जत्रेत देवाला बोललेय. ही दोघं पयल्यांदा फिराया जातील, तवा नात्यातल्या कुणाच्या घरात रात नाय काढायची. मगच आमच्या घरात पाळणा हलंल."



"देवाचं हाय तर मी काय बोलणार?" शेखर म्हणाला. "पण दुपारचं जेवायला तरी पाठव."

"जेवायला येतील. सुकट पन आणतील."

फोन नवऱ्याच्या हातात देऊन हौसा पुन्हा वाल सोलायला लागली. "तुमी काय ते ठरवून टाका," ती मुलाला म्हणाली. "बाजारातलं नको."

दर्शना उठून आत गेली, कारण आता तिला चेहरा सांभाळता येईना. प्रणित मोबाईल घेऊन तिच्या मागोमाग गेला.

धाऊची मळलेली तंबाखू हातातच राहिली होती. म्हशाच्या जत्रेला तो दरवर्षी बायकोबरोबर जायचा, देवापुढे तिच्या शेजारी उभा राहायचा. असला नवस त्याने कधी ऐकला नव्हता. आणि देवाच्या नावावर खोटं बोलणारी बाई ही नव्हे, एवढंही त्याला ठाऊक होतं.

"हा नवस तू बोल्लीस कवा गो?" त्याने हळूच विचारलं.

हौसाने एक वाल चिमटीत धरून सालातून बाहेर काढला.

"तुमची आय आपल्या दोघांच्या मधी निजायची, तवा."