आत्याची हिरवी पट्टी

बारसं होऊन चार दिवस झाले आणि बाळाच्या दंडावरची पट्टी केशरी झाली. शर्वरीने ती दोनदा पुसून पाहिली.

अंगात विषाणू शिरला की पांढऱ्या पेशी अधाशासारखी साखर खायला लागतात आणि ताप येण्याआधीच दंडावरची साखर मोजणारी पट्टी हिरवीची केशरी होते, हे आता शाळकरी पोरांनाही ठाऊक होतं. म्हणूनच बारशाला आलेल्या प्रत्येकीचा दंड शर्वरीने उंबऱ्यातच पाहिला होता. सगळ्या पट्ट्या हिरव्या होत्या. बाळाच्या कानाशी ओठ नेऊन नाव सांगितलं ते एकट्या कुंदाताईंनी, तिच्या नणंदेने.

तिने फोन लावला. ताईंचा आवाज बसला होता.

"ताई, तुम्ही काही घेतलं होतं का?"

"एक गोळी," ताई कशाबशा म्हणाल्या. "त्या दिवशी सकाळीच पट्टी केशरी झाली होती. गोळीने पेशी साखर खात नाहीत, पट्टी हिरवी होते. आत्या असून नाव दुसरीने ठेवायचं का गं?"

"पेशींना उपाशी ठेवून विषाणूला रान मोकळं करून दिलंत. आणि तशाच बाळावर वाकलात."

ताई रडायला लागल्या. "मी येत नाही म्हटलं होतं. निनादनेच गोळी आणून दिली."

शर्वरीने फोन ठेवला. तिचा नवरा पाळण्याशी बसून बाळाच्या कपाळाला हात लावून बघत होता.

"ताप नाहीये," निनाद म्हणाला. "पट्टीच खराब असेल."

तिने बाळाला उचलून घेतलं.

"बाही वर कर," ती म्हणाली. "त्या दिवशी फक्त तुझाच दंड मी पाहिला नव्हता."