किलार्नीतली खोली

“तळ्याकाठी अख्खं घर मिळतंय, स्वयंपाकघरासकट,” सुहासनं लॅपटॉप थेट ओट्यावरच आणून ठेवला. “बाहेरच्या खाण्याची कटकट नाही. मृणाल, छोटा कुकर घे हं.”

ऑफिसातून येऊन पोळ्या लाटत उभ्या असलेल्या मृणालनं पाहिलं. आयर्लंडमधलं किलार्नी, जुना किल्ला, निळंशार पाणी. तिची नजर मात्र फोटोतल्या शेगडीवरच अडकली. सुट्टीचे सात दिवस, दोन्ही वेळा.

लेकीनं, शाल्मलीनं, आईचा चेहरा पाहिला आणि दुसरं पान उघडलं. “बाबा, इथं नुसती खोली आहे. नाश्ता तेच देतात.”

“आणि जेवण?”

“बाहेर,” मृणालनं लाटणं खाली ठेवलं. “नाहीतर कुकर घेऊन तुम्ही दोघंच जा.”

“अगं, मग तू दिवसभर तिथं करणार काय?”

“तळ्याकाठी बसून दुसऱ्या कुणीतरी केलेला चहा पिणार.”