वर्गात काही त्रास नाही

“बाही वर कर बरं,” तपासणीला आलेल्या बाई म्हणाल्या.

माऊने लगेच बाही कोपरापर्यंत सरकवली. मनगटाच्या वर दातांचे व्रण होते. काही पिवळे पडलेले, दोन अजून निळे.

आई रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. रोज अनोळखी माणसांच्या दंडात सुई घालायची आणि तिचा हात कधी हलायचा नाही. आज तो मांडीखाली दाबून धरावा लागत होता.

“हे कुणी केलं?” बाईंनी विचारलं. प्रश्न माऊला होता, पण नजर आईवर होती.

“मी,” माऊ म्हणाली. “घरी.”

“घरी!” मुख्याध्यापकांनी शब्द उचलला. “तेच तर म्हणतोय मी. वर्गात हिचा काही त्रास नाही. कुणाच्या अध्यात ना मध्यात. सगळी तिसरी अशी असती, तर शिक्षकांना पगार घ्यायची लाज वाटली असती.” आणि ते स्वतःच हसले.

माऊ स्वमग्न आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं त्याला वर्ष होत आलं होतं. वर्गात तिच्या शेजारी एक मदतनीस बसावी आणि गोंगाट असह्य झाला की टेकायला एक शांत खोली असावी, एवढंच आई मागत होती. शाळेने नाही म्हटलं नव्हतं. शिक्षण खात्याच्या कार्यालयातून बाई येतील, मुलीला पाहतील, मग ठरेल, असं म्हटलं होतं.

बाईंनी काय पाहायला हवं, ते आईला ठाऊक होतं. शाळेतून आल्यावर दार लागेपर्यंतच काय तो माऊचा धीर. मग दप्तर एकीकडे, बूट एकीकडे, आणि ती पलंगाखाली. तिथे ती हात चावायची, भिंतीवर डोकं आपटायची. “बाहेर गाय आणि घरात वाघ,” आजी म्हणायची आणि डोळ्यांना पदर लावायची. मागच्या आठवड्यात भुवईवर टाके पडले. टाके घालणाऱ्या डॉक्टरांनी “कसं लागलं?” हे दोनदा विचारलं होतं. दुसऱ्यांदा विचारताना ते आईकडे बघत होते. तेव्हापासून एक भीती तिच्या मनात घर करून बसली होती. माऊच्या बाबांजवळसुद्धा ती बोलली नव्हती. कुणीतरी दार वाजवेल आणि लेकीला घेऊन जाईल.

बाईंनी चित्रं दाखवली. माऊने ओळखली. बाईंनी ठोकळे पुढे केले. माऊने रचले. बाईंनी मुद्दाम तिच्या कानाशी टेबलावरची घंटा वाजवली. माऊने पापणीही हलवली नाही.

“शाब्बास,” बाई म्हणाल्या.

माऊने चारचौघांत शांत बसावं, हे आईने इतकी वर्षं नवससायास केल्यासारखं मागितलं होतं, ते नेमकं आज पदरात पडत होतं. 

ती बसली होती ती खुर्ची लोखंडी होती. फरशीवर एकदा करकरत ओढली असती, की काम झालं असतं. घरी तेवढ्यानेसुद्धा माऊ किंचाळत सुटायची. दोन मिनिटांत बाईंना सगळं दिसलं असतं. आईने खुर्चीची कड धरली. बोटं पांढरी पडली. माऊने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

आईने कड सोडली. आपलं लेकरू आपल्याच हाताने मोडून दाखवायचं? तिला स्वतःचीच भीती वाटली.

बाईंनी फाइलमध्ये एक ओळ लिहिली आणि वाचूनही दाखवली. “मदतनिसाची गरज दिसत नाही.” मग जरा थांबून म्हणाल्या, “घरी मात्र आमचं माणूस येऊन जाईल. हातावर व्रण आहेत, भुवईवर टाके आहेत. पाहावं लागतं.”

“बाई, मी तिला बोटसुद्धा लावत नाही हो.”

“सगळेच असं म्हणतात, ताई.”

बाई फाइल मिटून दाराकडे निघाल्या. मुख्याध्यापक त्यांच्यासाठी दार उघडायला उठले.

तेवढ्यात माऊने आईची बाही ओढली. पाणी प्यायला जाऊ का, असं वर्गातल्या बाईंना विचारावं, तितक्या रीतसर तिने हळूच विचारलं, “आई, आता रडलं तर चालेल का?”

दाराच्या कडीवरचा मुख्याध्यापकांचा हात तसाच राहिला.

“कुणी रागावलं का तुला इथे?” त्यांनी विचारलं.

माऊने मान हलवली. नाही.

बाई परत आल्या. तिच्यासमोर उकिडव्या बसल्या. “मग रडायचं होतं, तर मघाशीच का नाही रडलीस?”

“शहाण्या मुली शाळेत रडत नाहीत,” माऊ म्हणाली. पाठ केलेलं म्हणावं तसं. तिच्या हनुवटीला आता बारीक कंप सुटला होता. आईने तिला पोटाशी घेतलं. फ्रॉक पाठीवर घामाने चिंब झाला होता.

बाईंनी फाइल गुडघ्यावर उघडली. लिहिलेली ओळ खोडली. एकदा खोडून समाधान होईना, म्हणून पुन्हा खोडली. आईकडे मात्र त्यांना बघवलं नाही.

“केव्हापासून असं दाबून धरलंयस, बाळा?” त्यांनी विचारलं. “घंटा वाजवली तेव्हापासून?”

माऊने नीट विचार केला. चुकीचं उत्तर ती कधीच देत नसे.

“पहिलीपासून.”