एका घरातली पट्टी

शिंदे की छावनी या वस्तीतल्या महिला मंडळात लीलाबाईंचं हे अकरावं भाषण होतं. कर्करोगाच्या वेदनेवर अंगाला लावायच्या फेंटानिलच्या पट्टीचं रिकामं पाकीट दाखवत त्या थकल्या आवाजात म्हणाल्या, "वापरून झाली तरी पट्टीत औषध उरतं. एका घरात आजोबांची पट्टी केरात टाकली. दोन वर्षांच्या नातीनं ती तोंडात घातली. पोर झोपली ती उठलीच नाही." पुढच्या रांगेतली बाई पुटपुटली, "और माँ क्या सो रही थी?" पत्रकं वाटणारी लीलाबाईंची सून अंतरा जागीच थांबली. वर्षभर नातेवाईक तिला हेच विचारत होते आणि लीलाबाई गप्प राहत होत्या. आज गप्प राहायचंही त्राण नव्हतं. "ते घर माझं. पट्टी मी टाकली. सुनेची काही चूक नव्हती." अंतरानं खुर्ची पुढे ओढली. "बसा आई. पुढचं मी सांगते."