शेवटचं बटण

नवरा गेल्याचं कळल्यावर पडद्यावरच्या बाईनं फोन खाली ठेवला आणि ती पुन्हा इस्त्रीकडे वळली. त्याचा शर्ट तिनं हँगरला अडकवला आणि खालून वर एकेक बटण लावत गेली. गळ्याच्या बटणाशी तिचा हात थरथरला आणि अख्खं थिएटर मुसमुसू लागलं.

थोरली तेवढी कोरड्या डोळ्यांनी बघत होती. पडद्यावर काम करणारी तिची सख्खी धाकटी बहीण होती. पण तो फोन, ती इस्त्री, तो शर्ट थोरलीचा होता. फार वर्षांपूर्वीच्या त्या दुपारी धाकटी तिच्याच घरी, दारात उभी होती.

शेजारच्या खुर्चीत जाऊबाईंचा रुमाल ओलाचिंब झाला होता. "आतडं पिळवटलं गं बाई!" त्या नाक ओढत म्हणाल्या. तेव्हा याच जाऊबाई घरभर सांगत सुटल्या होत्या, "नवरा गेला आणि ही शर्टाची बटणं लावत बसली! डोळ्यांत टिपूस नाही. दगड आहे नुसता!"

खेळ सुटल्यावर धाकटी गर्दीतून वाट काढत आली.

"ताई, रागावलीस? न विचारता घेतलं मी."

"घेतलंस ते घेतलंस. पण माझा हात थरथरला नव्हता गं."

"ठाऊक आहे," धाकटी मान खाली घालून म्हणाली. "आधी मी अगदी तुझ्यासारखंच केलं होतं, ताई. बघणाऱ्यांत एकालाही रडू आलं नाही."