बेरेंड सायकलवर बसला
बेरेंडचा उजवा पाय पुन्हा जमिनीला चिकटला. मोटारीपासून सायकल हाताच्या अंतरावर होती, पण कंपवाताने त्याला मध्येच खिळवून ठेवलं होतं. त्याच्या बायकोने, रिकाने, आपला बूट त्याच्या पावलापुढे आडवा ठेवला. तो ओलांडण्यासाठी म्हणून पाय एकदाचा उचलला गेला. मग दुसरा. घाम पुसून तिने त्याला सीटवर बसवलं.

तेवढ्यात त्यांची मुलगी नीन्के सायकल दामटत नदीच्या बांधावर चढली. घर बंद दिसल्यावर शेजारणीने तिला इकडे पिटाळलं होतं.

"आई, बाबांना स्वयंपाकघरातून मोरीपर्यंत जाता येत नाही, आणि तू त्यांना सायकलवर बसवतेस?"

"चालता येत नाही, पण सायकल येते," रिका म्हणाली. "या आजारात होतं म्हणे असं कधीकधी, डॉक्टरीणबाईच म्हणाल्या. काल अंगणात फेऱ्या मारून मारून त्यांनी माझं गवत तुडवलं."

"आणि थांबायची वेळ आली तर?"

"म्हणून तर इथे आणलं. धक्क्यावर फेरीबोटवाला उभा आहे, तो धरील."

थांबणं आणि पुन्हा निघणं, बेरेंडचं घोडं तिथेच अडायचं. गावात पावलोपावली सिग्नल, फुटपाथाच्या कडा, मागून मोटारी. रिका आठवडाभर एकटीच सगळे रस्ते फिरून आली होती. शेवटी तिला आयसेल नदीकाठचा हा फक्त सायकलींचा रस्ता पसंत पडला. बांधावरून वळत गेलेलं रुंद, गुळगुळीत डांबर. बोटीच्या धक्क्यापर्यंत चौक नाही, पायरी नाही, मोटार नाही. आखणाऱ्याने बेरेंडला समोर बसवून आखावा, तसा.

नीन्केने मात्र वडिलांच्या सायकलचं हँडल गच्च धरलं. "मी नाही जाऊ देणार."

बेरेंडचा आवाज आजाराने बारीक झाला होता. दोघी ऐकायला वाकल्या.

"बाजूला हो," तो म्हणाला. "पायावरून चाक जाईल."

तिचा हात सुटला. रिकाने मागून रेटा दिला.

सायकल आधी डगमगली. मग पायडल फिरलं, पुन्हा फिरलं, आणि वाकलेली पाठ हळूहळू सरळ झाली. बेरेंड मेंढ्यांच्या कुंपणाजवळून गेला, पॉपलरच्या रांगेपाशी पोचला. नीन्के त्याच्यामागे सुटली. समोरून वारा होता. तिला धाप लागली, तरी अंतर कमी होईना.

वळणावर तिने त्याला गाठलं तेव्हा तो ऐन मधोमध चालला होता. कामावर निघालेल्यांची ती वेळ. मागून घंटी खणखणली. टाय खांद्यावर उडालेला एक माणूस रस्त्याच्या कडेच्या गवतातून कशीबशी वाट काढत पुढे गेला आणि मान वळवून ओरडला, "अहो काका, रस्ता काय विकत घेतलाय? एका बाजूने चालवा की."

'ते आजारी आहेत हो,' असं सांगायला नीन्केने तोंड उघडलं. पण तिची नजर वडिलांकडे गेली. बेरेंड हसत होता. खांदे हलेपर्यंत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

आजारी पडल्यापासून त्याला पहिल्यांदाच कुणीतरी झापलं होतं.